रुग्णाचे ताट

आपल्या संस्कृतीत अन्न हा केवळ शरीरपोषणाचा विषय कधीच मानला गेला नाही. तैत्तिरीयोपनिषदाच्या भृगुवल्लीत ब्रह्मविचाराची पहिली पायरीच अन्न ही आहे आणि अन्नाची निंदा न करणे हे तेथे व्रत म्हणून सांगितले आहे. जेवणापूर्वी चित्राहुती घालणारा गृहस्थ भोजनाला यज्ञकर्म समजतो; जठरातील अग्नीला तो वैश्वानर म्हणतो. अशा समाजात ताट परत करणे हा अपराध वाटावा आणि आग्रह हे प्रेमाचे लक्षण ठरावे, हे स्वाभाविकच होय. परंतु ज्या घरात कर्करोगाचे उपचार चालू आहेत, त्या घराला हीच थोर भावना कधी कधी नैतिक पेचात टाकते. रुग्णाला अन्न जात नाही. गेलेले राहत नाही. त्याने ते कर्तव्य म्हणून गिळावे काय? न गिळल्यास रांधणाऱ्या मायेच्या हाताचा तो अपमान होतो काय? आणि होणारा त्रास मुकाट्याने सोसणे हेच धैर्य काय?

या प्रश्नांचा विचार करण्यापूर्वी त्रासाचे कारण समजून घेतले पाहिजे. किमोथेरपीची पुष्कळशी औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर आघात करतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतात. पण आपल्या आतड्याचे अस्तरही तसेच आहे. ते साधारणतः तीन ते पाच दिवसांत नवे होत असते. ते नवे होणे थांबले की अतिसार होतो; तोंडातील त्वचेचीही तीच गत होऊन घास घेणे असह्य होते. शिवाय काही औषधांमुळे आतड्यातील विशिष्ट पेशींतून सिरोटोनिन नावाचे द्रव्य बाहेर पडते, त्याची वार्ता मज्जातंतूंवाटे मेंदूपर्यंत जाते आणि वांती होते. म्हणजे येथे इच्छाशक्तीचा दुबळेपणा नाही, रांधणारीच्या हाताचा दोष नाही आणि अन्नाविषयी अनादर तर नाहीच नाही.

सहनशीलतेचा प्रश्न येथेच उभा राहतो. गीतेने तितिक्षेची थोरवी सांगितली आहे, आणि तिचाच आधार घेऊन अनेक रुग्ण, विशेषतः घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया, आपला त्रास कोणाला कळू देत नाहीत. ‘भोग आहे, भोगलाच पाहिजे’ असे त्या म्हणतात. तथापि तितिक्षा ही जे टळत नाही त्याच्यासाठी आहे. तहान लागणे हेही प्रारब्धच म्हणावे, तर म्हणून कोणी पाणी पिण्याचे सोडत नाही. १९७८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले सिसप्लॅटिन हे औषध गुणकारी खरे, पण प्रतिबंधक औषधाविना ते घेणाऱ्या बहुतेक सर्वांना तीव्र वांत्या होत. १९९१ मध्ये तेथेच ऑनडॅनसेट्रॉन हे सिरोटोनिनचा परिणाम रोखणारे औषध मान्य झाले आणि हा त्रास पुष्कळ अंशी आटोक्यात आला. आता अशी औषधे मूळ औषधाच्या आधीच दिली जातात. जे दुःख सांगितल्याने कमी होणारे आहे, ते न सांगणे हे धैर्य नव्हे. लपविलेल्या अतिसाराने शरीरातील पाणी व क्षार कमी होतात, मूत्रपिंडांवर ताण येतो आणि प्रसंगी उपचारच थांबवावे लागतात. सोसणे आणि लपविणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. पहिली तपश्चर्या होऊ शकेल. दुसरी मात्र ज्यांनी उपचाराची जबाबदारी घेतली त्यांच्याशी केलेली असत्यता होय. पोटात पाणीही ठरत नसेल, नेहमीपेक्षा चार किंवा अधिक वेळा शौचास जावे लागत असेल, रक्त पडत असेल, घेरी येत असेल किंवा ताप १००.४ अंशांवर गेला असेल, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना कळविणे हा रुग्णाचा व घरच्यांचा धर्म आहे.

आता आग्रहाविषयी. आपण देवापुढे नैवेद्याचे पान मांडतो. त्यातील एक शीतही कमी झालेले दिसत नाही, तरी नैवेद्य पोहोचला असेच आपण मानतो. देवाने खाल्ले नाही म्हणून रुसत नाही. हाच न्याय रुग्णाच्या ताटाला का लावू नये? परत आलेल्या ताटाने प्रेम परत आले असे होत नाही. मंदावलेल्या अग्नीवर ओंडके रचणाऱ्यास कोणी याज्ञिक म्हणत नाही. तो एकेक काडी घालतो आणि वाट पाहतो.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. वमन-विरेचनानंतर एकदम पूर्ण आहार न देता प्रथम पेया, मग विलेपी असा संसर्जनक्रम आयुर्वेदाने सांगितला आहे. गोव्यातील घराघरांत चालत आलेली मीठ घातलेली पेज ही त्याच शहाणपणाची बहीण म्हणावयास हरकत नाही. थोडी पेज, दोन घास मऊ भात, क्षारसाखरेचे पाणी घोटघोट, हे दिवसातून अनेक वेळा द्यावे आणि बाकीचे रुग्णाच्या इच्छेवर सोडावे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. इलीन बर्नस्टाईन या अमेरिकन संशोधिकेने १९७८ मध्ये असे दाखविले की, औषधापूर्वी एका विशिष्ट चवीचे आइस्क्रीम दिलेल्या बालरुग्णांना पुढे त्याच आइस्क्रीमची नावड उत्पन्न झाली. म्हणून औषधाच्या दिवशी रुग्णाचा सर्वांत आवडता पदार्थ मायेने पुढे करणे म्हणजे तो त्याला कायमचा पारखा करण्याचा धोका पत्करणे होय.

धार्मिक वृत्तीच्या रुग्णाला याहूनही एक खोल वेदना असते. वांती व अतिसार यांमुळे आपण अशुचि झालो, देवघरात जाण्यास अपात्र झालो, असे त्याला वाटते. पण धर्मशास्त्राने आतुराला स्नानाच्या जागी मंत्रस्नान व मानसस्नान सांगितले, आणि पूजेच्या जागी मानसपूजा आहेच. उपवासाचे बंधनही रुग्णाला नाही. औषधाने रक्तातील पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना न उकळलेल्या पाण्याचे तीर्थ किंवा कच्च्या दुधाचे पंचामृत घेऊ नये. ते डोळ्यांना लावावे, प्रसाद मस्तकी धरावा. त्यात श्रद्धेला उणेपणा येत नाही. देव भावाचा भुकेला असे आपण नित्य म्हणतो. त्या म्हणण्यावर आपला विश्वास किती, याची परीक्षा अशा वेळीच होते.

अन्नाचा मान राखणे म्हणजे ते कोणाच्याही गळ्याखाली उतरविणे नव्हे. ज्याच्यासाठी अन्न आहे, त्या देहाची आजची शक्ती ओळखून वाढणे, हाच अन्नाचा खरा मान होय. रुग्णाने आपला त्रास मोकळेपणाने सांगावा आणि घरच्यांनी भरलेले ताट शांतपणे उचलून न्यावे. पुन्हा तासाभराने वाटीभर पेज घेऊन, न रुसता, जवळ बसावे. ही सेवा देवळातील कोणत्याही सेवेहून उणी नाही.