करारात नाव कोणाचे?



“काका, करारात माझ्या भावाचंही नाव टाका. तो राहायला नाही यायचा, फक्त कागदासाठी हवंय.” दहिवलीत खोली भाड्याने देणाऱ्यांना ही विनंती ओळखीची वाटेल. भाडेकरू सरळ, भाडे वेळेवर देणारा. नाही म्हणायला जीभ रेटत नाही. शिवाय एका नावाने आपले काय जाते?

आधी मनात भीती येते: नाव लागले की उद्या हक्क सांगेल. ही भीती जुनी आहे. १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू करारावर जागेत राहणाऱ्या परवानाधारकांना कायद्यातील दुरुस्तीने भाडेकरू मानले गेले. घरमालक ते विसरलेले नाहीत. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे मुदत संपल्यावर परवानाधारकाला जागा सोडावीच लागते. तेव्हा केवळ भीतीपोटी दिलेला नकार मला अपुरा वाटतो. खरा प्रश्न असा की, सही करून आपण कशाची साक्ष देतो?

यिर्मया संदेष्ट्याने अनाथोथचे शेत १७ शेकेल रुपे तोलून विकत घेतले, साक्षीदारांसमोर खत केले आणि बारूखला ते मातीच्या भांड्यात ठेवायला सांगितले. यरुशलेमला वेढा पडलेला होता. खत पुढच्या काळातल्या माणसांनी वाचायचे होते. भाडेकराराचेही तसेच आहे. तो फक्त आपण आणि भाडेकरू यांच्यात राहत नाही. बँक, गॅस एजन्सी, शाळा त्यावर विश्वास ठेवतात. शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागांसाठी शाळेजवळ राहणाऱ्या मुलांना आधी संधी मिळते आणि पत्त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार चालतो. नसलेल्या पत्त्यावर एक मूल आत गेले, तर त्याच गल्लीत खरोखर राहणारे दुसरे बाहेर राहते. त्याच्या आईबापांना आपण कधी भेटतही नाही, म्हणूनच सही करणे सोपे वाटते.

मात्र ‘राहत नाही’ हा शब्द सांभाळून वापरावा. आखातात नोकरीला असलेला नवरा वर्षातून महिनाभर घरी येतो. त्याचे कपाट, त्याची बायकामुले इथेच आहेत. त्याचे घर हेच. आपल्या कर्जत-खालापूरचे कातकरी बांधव दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्या झोपडीला कुलूप दिसले म्हणून ते गावचे नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. अशा माणसाचे नाव घालणे खरेपणाचेच आहे. भाऊ पुढल्या महिन्यात खरोखर येणार असेल, तर तो आल्यावर नवा करार करावा. तो केवळ भाड्याची हमी घेणार असेल, तर त्याला जामीनदार म्हणून लिहावे, राहणारा म्हणून नव्हे.

उरला तो फक्त पत्ता मागणारा. त्याला नाही म्हणावे, पण दार लावून घेऊ नये. त्याला विचारावे, बाबा, तू राहतोस कुठे? बहुतेक वेळा तो कुठेतरी भाड्यानेच राहत असतो आणि तिथला मालक कागद करून देत नाही. मालकाला कर नको असतो, पोलिसांकडे माहिती द्यायला नको असते, नोंदणीचा खर्च नको असतो. खरे तर १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लेखी करार करून त्याची नोंदणी करण्याची जबाबदारी मालकावर आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणजे आपल्याकडे आलेली खोट्याची मागणी पुष्कळदा दुसऱ्या मालकाने दडवलेल्या खऱ्यातून जन्मलेली असते. (तो दुसरा मालक आपल्याच मिस्सात पुढच्या बाकावर बसत असेल!)

भाडेकरूच्या भावाबरोबर त्या मालकाकडे जाऊन दोन शब्द बोलता येतात. आणि आपल्या मागच्या खोलीत तोंडी बोलीवर कोणी राहत असेल, तर त्याचा कागद याच महिन्यात करता येतो.