भिंत एक, पैलवान अनेक

मुरबाड तालुक्यातल्या एका गावात तालमीला नवी खोली झाली. मारुतीरायाची तसबीर आपल्या जागी गेली. समोरच्या भिंतीवर एका पैलवानाचं मोठं चित्र रंगवायचं ठरलं. एकाचंच, कारण वर्गणी तेवढीच होती. वस्ताद तिथे पोरांना शिकवतात आणि आसपासच्या जत्रांत कुस्त्यांच्या जोड्या लावतात. गुरुजी शहापूरकडचे, निवृत्त शिक्षक, कुस्तीचे जुने शौकीन. चित्र कोणाचं काढायचं यावर दोघांचं बोलणं झालं, ते असं.

गुरुजी : मला विचाराल तर मारुती माने. १९६२ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत फ्रीस्टाइलचं सुवर्ण आणि ग्रीको-रोमनचं रौप्य. १९६४ला हिंदकेसरी. यापुढे वाद कशाला?

वस्ताद : त्याच जकार्तात गणपतराव आंदळकरही होते. त्यांना ग्रीको-रोमनचं सुवर्ण आणि फ्रीस्टाइलचं रौप्य. हिंदकेसरी तर १९६०लाच झालेले. आता सांगा, मोठा कोण?

गुरुजी : फ्रीस्टाइल आपल्या मातीच्या कुस्तीच्या जवळची. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली हात घालायचा नाही, पट काढायचा नाही. आपल्या कुस्तीचं सोनं ते खरं सोनं.

वस्ताद : मी उलटं म्हणतो. ज्याचा हात जन्मभर पटाला गेला, त्यानं पट न काढता सोनं आणलं. अवघड कुठलं? शिवाय माने ९७ किलोच्या गटात लढले, आंदळकर त्याच्या वरच्या गटात. तिथं वजनाला वरची हद्दच नव्हती.

गुरुजी : म्हणजे वजन बघितलं तर आंदळकर, शैली बघितली तर माने.

वस्ताद : आणि दोघं एकाच काळातले, एकाच देशाचे, एकाच स्पर्धेत पदकं घेतलेले. तरी तराजू सरळ राहत नाही. मग पन्नास वर्षांचं अंतर असलेल्यांचं काय होणार?

गुरुजी : किताब मोजूया. आकड्याला तरी मत नसतं. नरसिंग यादव २०११ ते २०१३, विजय चौधरी २०१४ ते २०१६, दोघंही सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी.

वस्ताद : महाराष्ट्र केसरी सुरू झाली १९६१ला. तिच्या विजेत्यांत माने नाहीत, आंदळकर नाहीत. त्या यादीनं मापलं तर तुमचे माने शून्यावर येतात. चालेल?

गुरुजी : नाही चालणार.

वस्ताद : मग आकड्याला मत असतं. कुठली यादी काढायची, हे आधी आपणच ठरवतो.

गुरुजी : बरं, समोरासमोर उभं केलं तर? आजचं पोरगं मॅटवर वाढलेलं, आहार मोजून खाणारं, प्रतिस्पर्ध्याच्या कुस्त्या मोबाइलवर शंभरदा बघणारं. ते १९६२च्या पैलवानाला पाडेल का?

वस्ताद : पाडेलही. पण त्याला आयतं जे मिळालं ते कोणाकडून? आधीच्यांनी हाडं मोडून शोधलेलं हे पोरगं सहा महिन्यांत शिकतं. पाडणं वेगळं, मोठं असणं वेगळं.

गुरुजी : अमेरिकेत हा प्रयोग झालेला आहे. रॉकी मार्सियानो, मुष्टियुद्धाचा हेवीवेट विजेता. ४९ लढती, ४९ विजय, आणि १९५६ला निवृत्त. दुसरा मुहम्मद अली. सैन्यात जायला नकार दिला म्हणून १९६७ला त्याचा किताब काढून घेतलेला. १९६९ला दोघांना रिंगमध्ये उभं करून खोट्या फेऱ्या चित्रित केल्या आणि निकाल संगणक देईल असं जाहीर केलं. चित्रपट लागला १९७०च्या जानेवारीत. तोवर मार्सियानो विमान अपघातात गेला होता.

वस्ताद : मग कोण जिंकलं?

गुरुजी : अमेरिकेत तेराव्या फेरीत मार्सियानोनं अलीला लोळवलं. युरोपात दाखवलेल्या चित्रपटात अली जिंकला.

वस्ताद : म्हणजे यंत्रानं ठोसा बघितला नाही, गिऱ्हाईक बघितलं.

गुरुजी : आपण तरी दुसरं काय करतो? मी माने म्हणतो, कारण माझ्या लहानपणी घरात ते नाव निघालं की मोठी माणसं ताठ बसायची. तुमचं नाव तुम्ही अजून सांगितलं नाहीत.

वस्ताद : खाशाबा जाधव.

गुरुजी : खाशाबांबद्दल आदर आहेच. पण वस्ताद, ५७ किलो! मानेंच्या समोर उभे केले असते तर?

वस्ताद : मी जत्रेत जोड लावतो तेव्हा आधी दोन्ही पोरांच्या मांड्या बघतो, खांदे बघतो, कान बघतो. नुसत्या उंचीला फसत नाही. मोठ्यासमोर लहान दिला तर पब्लिक आखाड्यात घुसतं. नारळावरच्या कुस्तीलासुद्धा जोड सारखी लागते. आणि तुम्ही इतिहासात विजोड लावून निकाल मागताय.

गुरुजी : इथे तुमची पकड सुटली. जोड सारखीच लावायची म्हटलं तर प्रत्येक जण आपल्या गटात मोठा, आपल्या काळात मोठा. सगळेच मोठे म्हणजे कोणीच नाही. हा निकाल नव्हे, कुस्ती बरोबरीत सोडवणं झालं. रंगारी आल्यावर त्याला काय सांगणार, सगळे रंगव?

वस्ताद : निवड करावी लागते, हे मान्य. पण म्हसा यात्रेत बैल बघायला गेलात तर जाणता माणूस पहिलं काय विचारतो? नांगराला हवा की शर्यतीला? त्याआधी कुठला बैल चांगला हे सांगत नाही. तसं ही भिंत कशाला हवी ते आधी ठरवू. भिंतीकडे बघणार ही पोरं. भातशेतीवाल्यांची, मजुरांची. त्यातली बहुतेक साठ किलोच्या आतली. त्यांच्यासमोर डोंगराएवढा पैलवान रंगवला तर ती नमस्कार करतील आणि मनात म्हणतील, हे आपलं काम नाही.

गुरुजी : हे उपयोगाचं झालं, मोठेपणाचं नाही. उद्या शंभर किलोचं पोरगं तालमीत आलं, तर खाशाबा लहान होणार का?

वस्ताद : नाही. ते आहेत तेवढेच राहतील.

गुरुजी : म्हणजे भिंतीपलीकडे मोठेपण आहे, हे तुम्ही कबूल करता.

वस्ताद : आहे. माझ्याकडे त्याचं माप नाही, एवढंच.

गुरुजी : मग मीच तुमच्या बाजूनं एक माप देतो. परिस्थिती. १९४८ला लंडन ऑलिंपिकला खाशाबा सहावे आले. १९५२ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावानं वर्गणी काढली, प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून सात हजार उभे केले. तिथे कांस्यपदक मिळालं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढचं मिळायला १९९६ उजाडलं. एवढ्या अडचणीतून इतकं वर आलेला दुसरा दाखवा.

वस्ताद : नको गुरुजी. माझा पैलवान जिंकत असला तरी हा डाव नको.

गुरुजी : का?

वस्ताद : गरिबीला गुण द्यायला लागलो तर ज्याला खुराक वेळेवर मिळाला त्याचे गुण कापायचे? त्याचा काय दोष? घर गहाण पडलं हा प्राचार्यांचा मोठेपणा. पैसे नव्हते ही सरकारची लाज. खाशाबांचं स्वतःचं काय, तर मॅटवर घातलेले डाव. पोरांना मी अडचणी शिकवत नाही, त्या त्यांच्या घरी भरपूर आहेत. मी डाव शिकवतो.

गुरुजी : मग चित्र खाशाबांचं असू द्या. पण एक अट. खाली ‘सर्वश्रेष्ठ’ लिहायचं नाही.

वस्ताद : काय लिहायचं?

गुरुजी : ‘५७ किलो, हेलसिंकी, १९५२’. ज्या मापानं निवडलं ते माप. बाहेरच्या कोणाला माने मोठे वाटले तर त्याला वाद घालायला जागा राहील. माझं मत तर बदललेलं नाही.

वस्ताद : आणि ते शंभर किलोचं पोरगं खरंच आलं तर?

गुरुजी : तर पुन्हा वर्गणी काढा, भिंत पुन्हा रंगवा. आधी मला बोलवा मात्र, मी मानेंसाठी भांडायला येईन.