सोंगटीची निष्ठा

जपानी बुद्धिबळास शोगी म्हणतात. आपल्या चतुरंगाच्याच वंशांतला हा खेळ. परंतु परदेशीं स्थायिक होऊन कुलाचार बदललेल्या मुलाप्रमाणें त्यानें एक विलक्षण रीत पत्करली आहे. आपल्या पटावर मारलेली सोंगटी मेली. त्या डावांत पुन्हां तिचें नांव नको. शोगींत ती मरत नाहीं. ती जिंकणाऱ्याच्या हातीं जाते, आणि आपल्या पाळीस तो तिला, थोडे निर्बंध पाळून, हव्या त्या मोकळ्या घरांत आपल्या बाजूनें उतरवितो. म्हणूनच ८१ घरांच्या त्या पटावरील चाळीसही सोंगट्या एकाच रंगाच्या असतात. निमुळतें टोंक ज्या दिशेस, तिकडे तिचा शत्रु; एवढीच काय ती ओळख.

येथें सहज प्रश्न उभा राहतो. धन्याचा सूड घेऊन १७०३ सालीं पोट चिरून घेणाऱ्या अको येथील सामुराईंना ज्या राष्ट्रानें वंद्य मानलें, त्याच्या आवडत्या खेळाचा प्राणच पक्षांतर असावा, हें कसें?

इतिहास पाहिला तर आश्चर्य ओसरतें. १६०० सालीं सेकिगाहाराच्या रणांत कोबायाकावा हिदेआकी ऐन वेळीं उलटला, आणि त्या उलटण्यानें तोकुगावा इयेयासुच्या विजयास मोठा हातभार लागला. याच इयेयासुनें १६१२ सालीं ओहाशी सोकेई या शोगीपटूस तनखा बांधून दिला. पुढें शोगुनाच्या वाड्यांत खेळाचे सामने होऊं लागले, आणि त्याच दीर्घ शांततेच्या काळांत स्वामिनिष्ठेचें शास्त्र रेखीव झालें. फितुरीचा लाभ ज्यांना झाला, त्यांच्याच राज्यांत निष्ठेचा उपदेश सर्वांत मोठ्यानें व्हावा, यांत नवल नाहीं. मिळविलेलें राखावयाचें असतें!

या रीतीचें समर्थनही झालेलें आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन अधिकाऱ्यांनीं तिच्यांत युद्धकैद्यांच्या छळाचें प्रतिबिंब पाहिलें, तेव्हां आपण त्यांना काय उत्तर दिलें, तें मासुदा कोझो या विख्यात खेळाडूनें सांगून ठेविलें आहे. पाश्चात्य बुद्धिबळांत कैद्याला ठारच करितात. शोगींत त्याचे गुण ओळखून त्याला पूर्वीच्याच हुद्द्यावर काम देतात, असा त्याचा आशय होता. उत्तर मार्मिक आहे. पण आम्हांस तें पुरतें पटत नाहीं. एक तर बढती मिळालेली सोंगटी पकडली गेली कीं तिची बढती जाते. परंतु हें गौण. मुख्य गोष्ट अशी कीं, तिला कोणी विचारीत नाहीं. जीव राखला ही दया खरी. पण ज्याचें बळ घेतलें आणि संमति घेतली नाहीं, त्याचा गौरव झाला असें कसें म्हणावें?

मग सोंगटीस फितूर म्हणावें काय? तेंही नाहीं. जिला नकार देतां येत नाहीं, तिला दोष लागत नाहीं. आणि त्याच न्यायानें तिच्या पहिल्या धन्याजवळील उभें राहण्यासही निष्ठा म्हणतां येत नाहीं. मनुष्याची गोष्ट निराळी. बिभीषणानें पक्ष सोडला, भीष्मांनीं सोडला नाहीं. या दोघांचा निवाडा कोण कोणत्या बाजूस उभा होता एवढ्यावरून होत नाहीं. आपलें बळ कोणत्या कार्यास लागत आहे, हा प्रश्न दोघांच्याही मनांत उठला होता. त्याचें उत्तर एकानें आचरिलें, दुसऱ्यानें गिळलें. बिभीषणास आम्ही घरभेद्या म्हणतों, आणि तें म्हणतांना भीष्मांचें सभेंतील मौन सोयीस्करपणें विसरतों.

शोगीच्या पटावर कधींही पक्ष न बदलणारा एक राजाच. पण त्याचें कौतुक कशाचें करावयाचें? त्याला धनीच नाहीं. स्वतःस कोणाची चाकरी नसणारा तोच इतरांच्या निष्ठेचें माप घेत असतो. तेव्हां कोणी आमच्याकडे निष्ठा मागूं लागला, तर ती द्यावयाची कीं नाहीं हें ठरविण्यापूर्वीं एवढेंच पाहावें कीं, त्यास माणूस हवा आहे कीं सोंगटी.