प्रीतीचा अतिभार

भूतदया म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें उपाशी प्राणी उभा राहतो. मुंगीला साखर, गाईला घास, चिमणीला दाणे. आपला सारा दयाधर्म असा देण्याच्या क्रियेशीं जोडला गेला आहे. न देणें हेंही केव्हां केव्हां दयेचेंच अंग असूं शकेल, हा विचार आपल्या अंगवळणीं पडलेला नाहीं. म्हणूनच एक क्षुल्लक दिसणारा प्रश्न आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. घरीं पाळलेला उंदीर लठ्ठ झाला, तर त्याचें अन्न कमी करण्याचा आपणांस अधिकार आहे काय?

प्रश्न ऐकून कोणी हंसेल. परभणीसारख्या ज्वारी-कापसाच्या जिल्ह्यांत उंदीर हा धान्याचा शत्रु. त्याला विष घालावें कीं सापळा लावावा, एवढाच काय तो वाद. वर्षांतून एकदां गणपतीच्या पायांशीं बसल्यावर त्याला मान मिळतो, इतकेंच. परंतु पिंजऱ्यांतला पाळीव उंदीर हा युरोपांत एकोणिसाव्या शतकांत माणसाळलेल्या तपकिरी उंदराचा वंशज असून, पिढ्यान् पिढ्या तो माणसाच्या हातचें खात आला आहे. उंदराला ओकतां येत नाहीं. एकदां पोटांत गेलें तें गेलें. म्हणून रानटी उंदीर नवें खाद्य आधीं भीत भीत चाखून पाहतो. पाळीव उंदराचा हा सावधपणा बराच ओसरलेला असतो. मुलें शेंगदाणा, बिस्किट, पेढ्याचा कण पुढें करतात आणि तो पुढच्या दोन्ही पायांत धरून खातो. तें पाहणें इतकें गोड असतें कीं हात पुनःपुन्हां पुढें जातो. येथें भूक भागते ती बहुधा देणाऱ्याची.

याच जिल्ह्यांत जिंतूरजवळ नेमगिरीच्या टेकडीवर जैनांचीं प्राचीन गुंफामंदिरें आहेत. तेथें जाणाऱ्या यात्रेकरूंच्या धर्मांत अहिंसेचा विचार फार बारकाईनें झाला आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रांत अहिंसाव्रताचे पांच अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे दोष, सांगितले आहेत. बांधणें, मारणें आणि अवयव छेदणें हे तीन उघडच आहेत. चौथा दोष अतिभारारोपण, म्हणजे प्राण्यावर शक्तीबाहेर ओझें लादणें. आणि पांचवा अन्नपाननिरोध, म्हणजे त्याचें अन्नपाणी तोडणें.

या पांचव्या दोषाचें भय आपणांस आहे. 1960 सालच्या प्राणिक्रौर्यप्रतिबंधक कायद्यानेंही पाळलेल्या प्राण्यास पुरेसें अन्न, पाणी वा निवारा न देणें हा अपराध ठरविला आहे. चौथा दोष मात्र आपण बैलापुरता समजतों. आमच्या मतें त्याचा अर्थ अधिक व्यापक घेतला पाहिजे. बैलाच्या गाडींतला माल संध्याकाळीं उतरतो. लाडावलेल्या उंदराच्या अंगावरचा मेद उतरत नाहीं. उणींपुरीं दोन-तीन वर्षें जगणाऱ्या त्या जीवाच्या हृदयावर आणि सांध्यांवर तें ओझें रात्रंदिवस असतें. तळपायांना जखमा होऊन त्या चिघळतात. हा अतिभार आपणच लादलेला असतो, आणि तोही प्रेमाच्या नांवानें.

मग चौथा दोष टाळावा तर पांचवा घडतो कीं काय? हा विरोध शाब्दिक नव्हे. तो सुटतो कसा, हें एका जुन्या प्रयोगावरून समजेल. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाचे प्राध्यापक क्लाइव्ह मॅक्के यांनीं 1935 सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, कमी उष्मांकांवर वाढविलेले उंदीर, विशेषतः नर, पोटभर खाणाऱ्यांपेक्षां अधिक जगले. यावरून उपासाची महती गाणारे पुष्कळ निघतील. पण त्या उंदरांचे उष्मांक तेवढे कमी केले होते; जीवनसत्त्वें व क्षार तोडले नव्हते. शिवाय त्यांची वाढ खुंटली, ही किंमतही विसरतां येत नाहीं. संयम म्हणजे उपासमार नव्हे.

म्हणून पहिला नियम हा कीं उपास घडवूं नये, आणि पाणी तर कधींच तोडूं नये. उंदरांत गांठी फार होतात. ज्याला आपण मेद समजतों ती एखादे वेळीं गांठ असते. यास्तव आधीं पशुवैद्यास दाखवावें. परभणीस तर पशुवैद्यक महाविद्यालयच आहे. पेढा, बिस्किट, शेंगदाणा बंद करून नेहमींचें खाद्य मोजून घालावें. दर आठवड्यास एकाच तराजूवर वजन करून लिहून ठेवावें, आणि तें हळूहळू, महिन्यांच्या हिशेबानें उतरूं द्यावें. उंदीर सोबतीनें राहणारा प्राणी आहे; पथ्याच्या नांवाखालीं त्याला एकटा कोंडूं नये. जेवणापुरतें वेगळें केलें म्हणजे पुरें.

परंतु केवळ वजाबाकीनें हें ऋण फिटत नाहीं. पिंजऱ्यांत घालून आपण त्या प्राण्याची धांव आणि अन्न हुडकण्याचा उद्योग हिरावून घेतला, आणि त्याच्या बदल्यांत भरलेली वाटी दिली. तेव्हां वाटी रिती करतांना तो उद्योग परत दिला पाहिजे. दाणे एका जागीं न ठेवतां विखरून टाकावेत, कागदाच्या पुड्यांत लपवावेत, शिडीच्या वरच्या पायरीवर ठेवावेत. हें सारें संध्याकाळनंतर करावें. उंदीर निशाचरच आहे. शिवाय त्याला आपल्यासारखा घाम येत नाहीं. अंगांतली उष्णता तो बरीचशी शेपटीवाटें टाकतो, आणि मे महिन्यांत येथें पारा 42 अंशांच्या वर जातो.

ज्याच्या भुकेची किल्ली सर्वस्वी आपल्या हातीं आहे, त्याच्या बाबतींत देणें आणि न देणें या दोन्ही क्रिया सत्तेच्याच आहेत. त्यांतली दयेची कोणती, हें वाटीकडे पाहून ठरत नाहीं. त्या वाटीपाशीं आपण किती वेळ बसलों यावरून ठरतें. पेढ्याचा कण टाकून निघून जाण्यास क्षण पुरतो. दाणा लपवून तो सांपडेपर्यंत थांबण्यास संध्याकाळ खर्चावी लागते. जो वजन लिहितो, अंग चांचपून पाहतो आणि ती संध्याकाळ देतो, त्यालाच अन्न कमी करण्याचा अधिकार आहे, असें आमचें मत आहे. घरांतल्या मुलांना भूतदयेचा हा दुसरा धडाही मिळावा.