उघड्या दाराची खोली

हिंजवडीच्या फेज तीनपलीकडे, माणच्या शिवारात एका इमारतीचं बांधकाम चाललं होतं. तिथल्या ठेकेदाराकडून एका रंगाऱ्यानं चाळीस हजारांची उचल घेतली आणि काम अर्धवट टाकून तो दुसऱ्या साइटवर गेला. ठेकेदार संतापला. "राहिलेला हिशोब करून टाकू, चल," अशी थाप मारून त्याच्या दोन माणसांनी रंगाऱ्याला वाकडहून गाडीत बसवून आणलं. पत्र्याच्या खोलीत त्याचा मोबाइल काढून घेतला. "भावाला पैसे पाठवायला लाव. तोवर बाहेर पाऊल टाकलंस तर तंगडं मोडीन," ठेकेदारानं दम भरला.

दाराला मात्र त्यानं कुलूप लावलं नाही. म्हाताऱ्या वॉचमनला तिथं बसवून तो म्हणाला, "चहा-जेवण वेळेवर दे. आपण कुणाला कोंडलेलं नाही."

वॉचमननं मनाची समजूत घातली, 'आणलं त्यांनी, पैसे मागतायत ते. मी नुसता बसलोय.'

रात्री रंगाऱ्यानं विचारलं, "काका, दार तर उघडंच आहे. जाऊ का मी?"

वॉचमनच्या तोंडून 'जा' निघेना. फाटकाशी ती दोन माणसं बसली होती. पोराला जाता येणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असूनही आपण इथं पहारा करतोय, हे मनात येताच तो उठला, आडोशाला गेला आणि त्यानं 112 नंबर लावला.

पोलीस आले. ठेकेदार म्हणाला, "साहेब, कुलूप कुठं आहे? जेवूखाऊ घातलंय त्याला. आणि पैसे माझेच अडकलेत."

फौजदार म्हणाले, "कायदा कुलूप शोधत नाही. ठरावीक हद्दीबाहेर माणसाला जाऊ दिलं नाही, की ते डांबून ठेवणंच. मग अडवणारी भिंत असो की दाराशी बसवलेली माणसं. येणं वसूल करायला डांबलं, तरी भारतीय न्याय संहितेच्या कलम 127 प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद आहे. उचल बुडाली तर कोर्टात दावा लावायचा. तुम्ही तर त्याला फसवून आणलंत. थाप मारून माणूस हलवणं हेही अपहरणच. आणि पळवलेल्या माणसाला मारायची धमकी देऊन खंडणी मागितली, तर शिक्षा जन्मठेपेपर्यंत, फाशीपर्यंतही जाते."

वॉचमननं भीतभीत विचारलं, "आणि माझं काय, साहेब?"

"कलम 142 सांगतं, पळवून आणलेला माणूस आहे हे माहीत असून जो त्याला लपवतो किंवा डांबून ठेवतो, त्याला पळवणाऱ्याइतकीच शिक्षा. बाबा, तुम्ही फोन केलात, म्हणून हा पोरगा सुटला. आता पाहिलंत ते सगळं जबाबात सांगा."

वॉचमननं सगळं खरं सांगितलं. रंगारी त्याच रात्री भावाकडे गेला.

तात्पर्य : ज्याला मनाप्रमाणे निघून जाता येत नाही, तो उघड्या दारातही कैदीच असतो, आणि हे जाणून जो दाराशी पहारा देतो, तो त्या गुन्ह्याचा वाटेकरी होतो.