न येणाऱ्यांची यादी

दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरला आजार दिसतो तो आलेल्यांचा. जो आलाच नाही, तो डॉक्टरच्या लेखी निरोगी. वेल्समधल्या ग्लिनकॉरुग या खाणकामगारांच्या गावात ज्युलियन ट्युडर हार्ट यांनी हे गृहीतच मोडीत काढलं. १९६१च्या सुमारास ते तिथे आले आणि पाव शतक राहिले. वस्ती जेमतेम दोन हजारांची. खोकल्यासाठी आलेल्याचाही रक्तदाब मोजायचा, नोंदवायचा. यादीत ज्यांच्यापुढे आकडा नाही, त्यांना गाठायचं. पुढे शेजारच्या गावाशी तुलना झाली, तेव्हा पासष्टीआधीचे मृत्यू इथे २५ टक्क्यांहून जास्त फरकाने कमी निघाले. एवढ्याशा गावावरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे खरंच. पण दुर्लक्ष करण्याजोगाही हा फरक नाही.

हार्ट जगभर ओळखले जातात ते १९७१च्या ‘लॅन्सेट’मधल्या लेखामुळे: जिथे गरज जास्त, तिथे चांगली सेवा कमी, आणि बाजाराला मोकळं रान मिळालं की ही तफावत वाढते. मला मात्र त्या लेखापेक्षा त्यांची यादी मोठी वाटते. मिठाच्या अभ्यासासाठी त्यांनी लोकांकडे चोवीस तासांची लघवी मागितली आणि लोकांनी ती दिली. कारण मागणारा उद्या गाव सोडून जाणारा नव्हता, रात्री-अपरात्री घरी येणारा होता.

ही यादी त्यांना आयती मिळाली होती. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत माणूस आजारी असो-नसो, त्याचं नाव एका डॉक्टरकडे नोंदलेलं असतं. आपला फॅमिली डॉक्टर एकेका घराच्या तीन पिढ्या ओळखतो, पण त्याच्याकडे असतात ते केसपेपर, आणि केसपेपर निघतो फी देणाऱ्याचा. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग दोन गावांतल्या बायकांपर्यंत स्वतः गेले, तेव्हा ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग असल्याचं आढळलं. त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. १९८९ साली हे प्रसिद्ध झालं. दवाखान्यात बसून हा आकडा कुणाला सापडला असता?

सगळ्यांनी गडचिरोली गाठावी असं नाही. संध्याकाळची ओपीडी सांभाळणाऱ्याला सर्वेक्षण कुठून जमणार! पण गावोगावच्या आशाताईंकडे घरोघरच्या नोंदी असतात, तिशीपुढच्यांचे रक्तदाब-मधुमेहाचे फॉर्मही त्याच भरतात. त्याच आळीतल्या खासगी डॉक्टरने ती वही सहसा पाहिलेली नसते. आणि आपण शोधून दवाखान्यात धाडलेल्या माणसाचं पुढे काय झालं, हे आशाताईला कुणी कळवत नाही.