चेलो कुणी वाजवलाय?

मी कसबा पेठेत राहते, तांबट आळीपासून दोन मिनिटांवर. साउंड एडिटिंगचं काम घरूनच करते आणि ते बहुतेक रात्री. दिवसा आळीत तांब्यावर हातोडे पडत असतात. कितीही चांगला हेडफोन लावा, तो ठोका आत येतोच.

मागच्या वर्षी एका शॉर्टफिल्मचं काम आलं. शेवटच्या सीनमध्ये एक म्हातारी बाई घराला कुलूप लावून निघते. संवाद नाही. दिग्दर्शक म्हणाला, "इथे चाळीस सेकंद चेलो हवा. फक्त चेलो." मी ओळखीतल्या एका चेलोवादकाला फोन केला. त्याने मानधन सांगितलं. ते अवाजवी नव्हतं, पण आमच्या बजेटमध्ये बसत नव्हतं. मग मी लॅपटॉपवर सॅम्पल लायब्ररी उघडली आणि कीबोर्डवर पहाटे तीनपर्यंत बसून ते चाळीस सेकंद तयार केले.

स्क्रीनिंगनंतर एक प्रेक्षक मुद्दाम येऊन भेटली. तिचे डोळे ओले होते. म्हणाली, "शेवटचा चेलो कुणी वाजवलाय?"

मी म्हणाले, "एक मित्र आहे."

हे खोटं होतं. मी चूक केलीच नव्हती, तर मग खोटं का बोलले? तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मागे लागला आहे.

आधी चेलोबद्दल थोडं. व्हायोलिनच्याच कुळातलं हे मोठं वाद्य. खुर्चीवर बसून, दोन गुडघ्यांच्या मध्ये धरून वाजवायचं. खालची धातूची दांडी जमिनीवर टेकवायची. तारा चार. गिटारसारखे पडदे नाहीत, त्यामुळे सूर नेमका कुठे आहे हे बोटाला पाठ असावं लागतं. बोट केसभर सरकलं तरी सूर बिघडतो. वरच्या सुरांसाठी डाव्या हाताचा अंगठाच तारेवर आडवा ठेवावा लागतो, आणि तिथली कातडी निबर व्हायला महिने जातात.

यात वेळ किती जातो? पाब्लो कासाल्सला तेराव्या वर्षी बार्सिलोनाच्या एका दुकानात बाखच्या चेलो सुइट्सची प्रत सापडली. लोकांसमोर त्या वाजवण्याआधी त्याने सुमारे बारा वर्षं त्यांचा रियाज केला. रेकॉर्डिंग केलं ते 1936 ते 1939 या काळात, म्हणजे वयाची साठी जवळ आल्यावर. आणि वाद्य एवढं अवजड, की विमानात अनेक वादक त्याच्यासाठी वेगळं तिकीट काढतात. 1999मध्ये यो-यो मा न्यूयॉर्कमध्ये टॅक्सीतून उतरला आणि 1733 सालचा त्याचा चेलो डिकीतच राहिला. तो त्याच दिवशी सापडला, पण ही गोष्ट ऐकताना आजही प्रत्येक चेलोवादकाच्या पोटात गोळा येत असणार.

हे झालं परदेशातलं. आपल्याकडे चेलो आपण ऐकलाय तो मुख्यतः हिंदी सिनेमात. मुंबईच्या स्टुडिओंमध्ये व्हायोलिन, व्हायोला, चेलो घेऊन बसणाऱ्यांमध्ये गोव्याचे ख्रिस्ती वादक मोठ्या संख्येने होते. चर्चच्या शाळेत लहानपणीच त्यांना नोटेशन वाचायला शिकवलं जाई. शिफ्टवर पैसे मिळत. पडद्यावर नाव येई ते संगीतकाराचं, फार तर सहायकाचं. आर. डी. बर्मन यांचे सहायक बासू चक्रवर्ती हे मुळात चेलोवादक. आरडींची गाणी आपल्याला तोंडपाठ असतात, पण हे नाव किती जणांना माहीत असतं?

मूळचे गोव्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक आणि शिक्षक. प्यारेलाल त्यांचे विद्यार्थी. आपल्या गुरूचं नाव प्यारेलालनी 1977च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यात घातलं. नाव देशभर पोचलं, पण लोकांच्या डोळ्यांसमोर येतो तो मोठ्या अंड्यातून बाहेर पडणारा अमिताभ.

नव्वदच्या दशकापर्यंत सिंथेसायझरने या वादकांची बरीच कामं घेतली. चाळीस जणांच्या जागी एक कीबोर्ड आला.

इथे माझं मन लगेच वकिली करू लागतं. बघ, वादक तेव्हाही निनावीच होता. कुणी विचारत नव्हतं. मग तुझ्या सॉफ्टवेअरने नवीन अन्याय कोणता केला?

युक्तिवाद बरा वाटतो, पण तो लंगडा आहे. जुना अन्याय दाखवल्याने नवा धुऊन निघत नाही. शिवाय फरक आहेच. त्या निनावी वादकाला नाव मिळालं नाही, पण काम मिळालं. त्यावर घर चाललं, आणि त्याच्या शेजारी बसून पुढचा वादक शिकला.

आता सॅम्पल लायब्ररी कशी बनते ते पाहू. कुणीतरी खराखुरा चेलोवादक स्टुडिओत बसतो. एकेक सूर हळू, मध्यम, जोरात वाजवतो. गज एकदा खाली ओढून, एकदा वर ओढून. चांगल्या लायब्ररीत एका सुरावरून दुसऱ्यावर जातानाचा आवाजसुद्धा टिपलेला असतो. हे हजारो तुकडे साठवले जातात, आणि मी कळ दाबली की त्यातला एक वाजतो.

म्हणजे माझ्या फिल्ममध्ये चेलो कुणीच वाजवला नाही, असंही नाही. कुणीतरी नक्की वाजवला होता. पण त्या म्हातारीसाठी नाही. त्याला ती बाई, ते कुलूप काहीच माहीत नव्हतं. प्रेक्षक मुलीने विचारलं त्याचा अर्थ होता, "हे पाहून असं कुणाला वाजवावंसं वाटलं?" तिला वाटत होतं, त्या सुरापलीकडे तिच्यासारखंच कुणीतरी हललेलं आहे.

तसं हललेली व्यक्ती मी होते. हे मी सांगू शकले असते. "मी कीबोर्डवर बसवलंय" म्हणाले असते, तर ते खरं होतं आणि त्यात कमीपणाही नव्हता. पण तिचं रडणं स्वस्त होईल अशी मला भीती वाटली. खरं तर माझंच कौतुक स्वस्त होईल अशी.

ही गोष्ट मी आळीतल्या एका तांबटकाकांना सांगितली. पेशवाईत कोकणातून पुण्यात आलेल्या तांबटांची ही वस्ती. घडवलेल्या भांड्यावर ते हातोडीने एकसारखे ठोके देतात, त्याला मठारकाम म्हणतात. ती नक्षी वाटते, पण नुसती नक्षी नाही. ठोक्यांनी तांबं कठीण होतं, भांडं चेपत नाही. आता मशीनवर दाबून काढलेली भांडी मिळतात आणि त्यांवर मठारल्यासारखे खळगेही असतात.

मी विचारलं, "मशीनचं भांडं वाईट असतं का हो, काका?"

"वाईट कशाला असेल? पाणी दोन्हीत राहतं," काका म्हणाले. "पण मशीनचं आहे, तर मशीनचं म्हणून विका की."

म्हणजे माझी चूक सॅम्पल वापरण्यात नव्हती, 'मित्र' म्हणण्यात होती. एवढ्यावर थांबता आलं असतं. पण मी खरं बोलले असते, तरी त्या चेलोवादकाला काम मिळालंच नसतं. नुसत्या प्रामाणिकपणाने कुणाची चूल पेटत नाही.

मग मी त्याचं काही देणं लागते का? प्रत्येक कारागिराकडून विकत घेणं हे माझं कर्तव्य असू शकत नाही. मलाही भाडं भरायचं असतं. पण पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून नळाने पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि शहरातल्या हौदांत यायचं. हौद भरलेला आहे तोवर कात्रज कुणाला आठवणार? माझी लायब्ररी हा असाच हौद आहे. त्यातला प्रत्येक सूर कुणाच्या तरी पंधरा-वीस वर्षांच्या रियाजातून आलाय, आणि तो रियाज झाला कारण तेव्हा चेलो वाजवून जगता येत होतं. आम्ही सगळ्यांनी नुसतं उपसायचंच ठरवलं, तर वरून येणार कुठून?

आणि हौदात आधी आलेलंच पाणी असतं. मूळच्या अमेरिकन नॅन्सी लेश-कुळकर्णी रुद्रवीणावादक झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडे शिकल्या आणि चेलोवर ध्रुपद वाजवू लागल्या. नेदरलँड्सच्या सास्किया राव-द हास यांनी चेलोला तरफेच्या तारा जोडून घेतल्या आणि त्या मांडी घालून तो वाजवतात. चेलोला पडदे नाहीत, म्हणून त्यावर मींड घेता येते. ही शक्यता त्या वाद्यात कायम होती, पण ती सापडली तारेवर बोट घासणाऱ्या माणसाला. सॅम्पलमध्ये जे वाजवून झालंय तेच असतं.

म्हणून मी स्वतःपुरतं ठरवलंय. क्रेडिटमध्ये खरं लिहायचं : 'चेलो : सॅम्पल'. आणि नव्या कामाचं बजेट मांडताना वादकाचे पैसे आधी धरायचे, उरले तर द्यायचे असं नाही. दरवेळी जमेलच असं नाही. यातून चेलो वाचेल, असा माझा भ्रमही नाही.

दोन महिन्यांपूर्वी एकदा जमलं. त्याच वादकाला एका तासासाठी बोलावलं. त्याने पेटी उघडली, दांडी बाहेर काढली, गजाला राळ लावली. मी नोटेशन पुढे ठेवलं. त्याने त्याकडे पाहिलं, मग बंद स्क्रीनकडे पाहिलं आणि विचारलं, "सीनमध्ये काय चाललंय?"

इतक्या वर्षांत माझ्या सॉफ्टवेअरने मला हे कधी विचारलं नव्हतं. मी सीन लावला.